लाभाचा पेला

माझ्या मुलीला पाचवीत मापनाचे धडे लागले, त्याच वर्षी तिच्या वडिलांच्या दोन्ही किडन्या गेल्या. वजन, धारकता, क्षेत्रफळ, घनफळ. पुस्तकात या सगळ्याला रंगीत चित्रं होती. दुधाची किटली, तराजू, भोपळा तोलणारी हसरी बाई. आमच्याकडे चित्रांची गरज पडली नाही. घरातच मोजण्यासारखं इतकं झालं होतं की तिचा गृहपाठ आणि आमचा संसार यांत फारसा फरक उरला नव्हता.

आम्ही दापोडीत राहतो. रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या गल्लीत एक खोली, मागे ओटा आणि मोरी. मी याच गल्लीत वाढले. माझे मिस्टर लातूरकडचे. आयटीआय करून इकडे आले आणि महाळुंग्याच्या एका कंपनीत पेंट शॉपला लागले. चांगले धिप्पाड, जेवायला बसले की कढई रिकामी करणारे. आजारी पडण्याआधी ते शिफ्टवरून आले की माठाजवळ उभे राहून सलग तीन तांबे पाणी प्यायचे, घटाघटा, मान वर करून. मी म्हणायचे, अहो, श्वास तरी घ्या मधे. आता ते आठवलं की मला माझ्याच बोलण्याचा राग येतो.

डायलिसिस सुरू झालं तसं कंपनी सुटली. मी चाकणला पॅकिंगच्या लाइनवर जायला लागले. फर्स्ट शिफ्ट, पहाटेची बस, गुरुवारी सुट्टी. मुलीची शाळा दुपारची होती. म्हणजे सकाळभर घरात बाप आणि लेक, आणि दोघांच्या मधे ते गणिताचं पुस्तक.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, चहा-आमटी वेगळी धरून प्यायला दिवसाला आठशे मिली पाणी. त्यावर एक घोट नाही. किडन्या काम करत नव्हत्या, लघवी होत नव्हती, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच राहायचं. आधी पायांवर सूज, मग छातीत, मग हृदयावर ताण. मशीन ते पाणी दिवसाआड काढून घ्यायचं. आमच्या शहरात नळालाही दिवसाआडच पाणी येतं. मी चिडून म्हणायचे, बरं आहे, शहराला एक दिवसाआड पाणी सोडतात आणि यांचं एक दिवसाआड काढतात. ते हसायचे. हसले की ओठांना चिरा पडायच्या, इतके ते कोरडे झालेले असत.

त्यांना तहान किती लागायची हे मी सांगू शकत नाही. भूक दुसऱ्याला कळते, तहान कळत नाही. ते लिंबाची फोड चघळायचे, चूळ भरून टाकायचे, ओला रुमाल तोंडावर ठेवायचे. टीव्हीवर कुणी पाणी पिताना दिसलं तरी मान फिरवायचे.

पाणी मोजायचं काम मुलीने स्वतःहून घेतलं. धारकतेचा धडा चालू होता. घरातल्या स्टीलच्या पेल्यात किती पाणी मावतं हे तिने खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून काढलं. झाकण दहा मिलीचं. पेल्याच्या काठाखाली एक रेघ होती, तिथपर्यंत वीस झाकणं. म्हणजे दोनशे मिली. म्हणजे दिवसाला चार पेले. हे चार पेले सकाळीच एका लहान माठात भरून ठेवायचे आणि पप्पांनी दिवसभर त्यातलं प्यायचं, असा तिचा नियम. खुणा केलेली बाटली मी आणून दिली होती, पण त्यांना नको होती. ते म्हणाले, बाटलीतून पिलं की दवाखान्यात पडल्यावानी वाटतंय. माठाचं पाणी पाण्यावानी लागतंय. तिने मग माठ मान्य केला, पण विचारलं, "पप्पा, माठातून जे झिरपतं, ते कुणाच्या नावावर टाकायचं?"

"ते देवाच्या नावावर टाक, माय," ते म्हणाले. लातूरकडे बाप लेकीला माय म्हणतो.

आम्ही तिला पाणीपुरवठा मंत्री म्हणायचो. मंत्रीणबाई फार कडक होत्या. पप्पा वजनकाट्यावर उभे राहिले की वाकून आकडा वाचायच्या. डायलिसिस सेंटरमधले लोक ‘ड्राय वेट’ म्हणत, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढून टाकल्यावरचं वजन. हिने त्याचं मराठी केलं, कोरडं वजन. आणि मग रोज सकाळी, "पप्पा, आज तुम्ही किती ओले?" तिला कुणी तरी सांगितलं होतं, की दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच खोका घेतला तर त्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं आणि त्या पाण्याचं वजन एक किलो भरतं. या गोष्टीने ती वेडी झाली. बापाने तिला पुठ्ठ्याचा तसा खोका करून दिला, आत चिकटपट्टी लावून. तो गळायचा. तरी तो खोका हातात घेऊन ती म्हणायची, हे एवढं पाणी पप्पांच्या अंगात जास्त आहे. आणि ते आपल्या पोटावर हात फिरवून म्हणायचे, कुठं बसलं आसंल गं एवढं?

‘लाभ’ तिला त्यांनीच शिकवला. त्यांचे वडील खळ्यावर ज्वारी मापायचे, तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. सुरुवात शुभ शब्दाने करायची, एवढाच अर्थ. आमच्या माहेरी धान्य दुकानातून पिशवीत यायचं, त्यामुळे हे मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नानंतर ते तांदूळ डब्यात भरताना पुटपुटायचे तेव्हा मला हसू यायचं. मुलीला मात्र ते फार आवडलं. डब्यात किती वाट्या तांदूळ बसतात, पिंपात किती बादल्या, सगळं ती लाभापासून मोजायची. उत्तरं बरोबर यायची. शाळेत एकदा फळ्यापुढे उभी राहून लाभ म्हणाली तर सगळा वर्ग हसला. घरी येऊन तिने ते मोठ्या अभिमानाने सांगितलं.

थंडीच्या दिवसांत वजन वाढायला लागलं. एकदम नाही, थोडं थोडं. दर वेळी सेंटरमध्ये काट्यावर ठरल्यापेक्षा जास्त आकडा यायचा. जास्तीचं पाणी ओढताना त्यांच्या पायात असे गोळे यायचे की ते खुर्चीची कड धरून ओरडायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पेशंट गुपचूप पाणी पितोय, लक्ष ठेवा. हृदयाला हे झेपणार नाही.

मी घरी येऊन भांडले. आजारी माणसाशी भांडू नये हे मला कळतं, पण लाइनवर उभं राहून राहून आपलेच पाय सुजलेले असताना कळलेलं वळत नाही. म्हटलं, आम्ही दोघी तुमच्यासाठी मरतोय आणि तुम्ही चोरून पाणी पिता? मोरीत पिता की शेजारी जाता? ते म्हणाले, "माठातलं सोडून एक थेंब न्हाई पिलो. लेकराची शपथ." मुलगी गणिताचं पुस्तक उघडून बसली होती. तिने वर पाहिलं नाही. मला ती शपथ खोटी वाटली आणि त्याचा आणखी राग आला.

शपथ खरी होती.

एका गुरुवारी नळाचं पाणी सकाळी आलंच नाही. एरवी सुट्टीच्या दिवशी मी त्या वेळी दळणाला किंवा भाजीला गेलेली असते. त्या दिवशी नळ कधीतरी येईल या आशेवर मोरीतच बसून राहिले, दार लोटून, बादल्या पुढ्यात घेऊन. बाहेर मुलगी माठ भरायला बसली. पाण्याचा आवाज आला आणि तिचा आवाज आला. "लाभ." पाणी. "एक." पाणी. "दोन." मग तीन, मग चार.

मी बादलीच्या काठावर हात ठेवून तशीच बसले. पुन्हा मनात मोजून पाहिलं. लाभ धरून पाच पेले होत होते. पूर्ण लिटर.

ती शाळेत गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "ऐकलीस का तू?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी कळलं." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "तिला वाटतंय लाभ मोजायचा नसतोय. देवाचा काढून ठेवायचा आन मग एकपासून मोजायचं. लेकराची चूक हाय."

"मग सांगायचं ना तिला! इतके दिवस गोळे येतायत पायात, ओरडताय तिथं!"

"काय सांगू? की माय, तूच मला जास्तीचं पाणी पाजायलीस? तुझ्यामुळं गोळे यायलेत?" ते माठाकडे बघत होते. "ती परत हात लावंल का पाण्याला? पाणीच काय, जलमभर काई मोजायची न्हाई ती." मग म्हणाले, "आन खरं सांगू का? त्यो एक पेला ग्वाड लागायचा."

मला रडू आलं. त्यांच्यावर ओरडावं की त्यांना पोटाशी धरावं हे कळेना. शेवटी मी दोन्ही केलं.

मुलीला सांगायचं नाही हे आमचं ठरलं. मग तोडगा मला दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुचला. ती पाच वेळा ओतणार, तर ओतू दे. पेलाच लहान करायचा. आठशेला पाचने भागलं. एकशेसाठ. इतक्या वर्षांत मी केलेला तेवढाच भागाकार, आणि तो मी बोटाने बसच्या धुरकटलेल्या काचेवर केला. संध्याकाळी पिंपरीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात जाऊन बसले. पर्समध्ये खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं. एकेक पेला घ्यायचा आणि पाण्याच्या बाटलीतून सोळा झाकणं ओतून बघायची. दुकानदाराने बराच वेळ सहन केलं, मग म्हणाला, "ताई, पेला घ्यायचाय का शाळा काढायचीये?" शेवटी एक सापडला. तोंड जुन्याएवढंच, काठाखाली रेघसुद्धा, फक्त बुडाकडे निमुळता होत गेलेला. सोळा झाकणांना पाणी रेघेला टेकलं.

घरी सांगितलं, जुना मी डब्याबरोबर कंपनीत नेते, कॅन्टीनचे ग्लास घाण असतात. मुलीने नवा पेला हातात घेतला, उलटा करून बुडाकडे पाहिलं आणि मांडणीवर ठेवला. काही विचारलं नाही. मला वाटलं, चला, जमलं.

जुना पेला मी खरंच कंपनीत नेत होते. जेवणाच्या सुट्टीत तो नळाखाली धरायचा, काठोकाठ भरायचा आणि प्यायचा. दोन घोट घेऊन तसाच हातात धरायचा. लाइनवरच्या बायका म्हणायच्या, पाण्याकडे काय बघत बसतेस? सगळं पाणी मी कधी पिऊन संपवलं नाही.

वजन उतरलं. पायातले गोळे कमी झाले. सेंटरमध्ये मला शाबासकी मिळाली. ते मात्र माठातला शेवटचा घोट संपला की माठ आडवा करून आत बघायचे. मला म्हणायचे, "हिशोब बरोबर लागला तुझा." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. एका शनिवारी, मशीन चालू असतानाच त्यांचा बीपी खाली गेला तो वर आला नाही. मी चाकणला होते. पोहोचले तेव्हा त्यांना खुर्चीवरून पलंगावर घेतलं होतं. ओठ तसेच, चिरा पडलेले. माझ्या पिशवीत पेला होता आणि तो द्यावा असं आता कुणी नव्हतं. मला तेव्हा रडायला नाही आलं, नुसता राग आला, नळाचा, बसचा, गणिताचा, सगळ्याचा.

दहावं-तेरावं उरकल्यावर मी डॉक्टरांना एकटीने जाऊन विचारलं. थंडीत ते जास्तीचं पाणी गेलं होतं, त्यानेच हृदय दुबळं झालं का? डॉक्टर बरेच वय झालेले गृहस्थ. म्हणाले, बाई, असं एका पेल्यावर बोट ठेवता येत नाही. झालंही असेल, नसेलही. मी मुलीला हे सांगितलं नाही. तिला यातलं काही माहीतच नाही, मग सांगायचं कशाला, असंच मला वाटत होतं.

आता ती आठवीत आहे, शाळा सकाळची झालीय. उंचीने माझ्या खांद्याच्या वर गेलीय. परवाच्या गुरुवारी दुपारी मी भाजी निवडत होते आणि ती शाळेतून मोजपात्र घेऊन आली होती. काचेचं, उभं, रेघा-रेघांचं. घरातल्या भांड्यांची धारकता आणि घनफळ काढून आणा, असा उपक्रम होता. तिने वाट्या मोजल्या, तांब्या मोजला. मग माझ्या कंपनीच्या पिशवीतून जुना पेला काढला आणि मांडणीवरून नवा. दोन्ही रेघेपर्यंत भरून शेजारी शेजारी ठेवले. मी निवडायचं थांबवलं.

"दोनशे," ती म्हणाली. "आणि हा एकशेसाठ."

मी म्हटलं, "अगं, दुकानातले पेले सारखे कुठे असतात."

"आई, मला तेव्हाच कळलं होतं. हातात घेतल्या घेतल्या."

"काय कळलं होतं?"

ती पेल्यांकडे बघत बोलत होती. "लाभ म्हणजे एक, हे मला माहीत होतं गं. तांदूळ मोजताना मी लाभानंतर दोनच म्हणायचे ना? मला काय येत नव्हतं होय?" तिचा आवाज अगदी साधा होता, उदाहरण समजावून सांगावं तसा. "मी माठ भरायचे तेव्हा पप्पा माझ्याकडे बघायचे नाहीत. पाण्याकडे बघायचे. आणि त्यांचा गळा हलायचा. नुसतं बघूनच. म्हणून एकदा मी लाभ म्हटल्यावर परत एक म्हटलं. ते काही बोलले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी दोन कसं म्हणणार?"

मी मांडीवरची भाजी खाली ठेवली.

"तू त्यांना भांडलीस तेव्हा मी सांगणार होते. पण मग त्यांचा तो पेला गेला असता. आणि मला भीतीही वाटायची, वजन वाढायचं तेव्हा. मला आपणहून थांबताच येत नव्हतं. मग तू पेला बदललास आणि मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आता कुणीतरी मोजतंय."

म्हणजे बाप लेकीची चूक झाकत होता आणि लेक ती चूक मुद्दाम करत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला काही माहीत नाही. दहा वर्षांची पोर. बापाची तहान एकीकडे आणि बापाचं हृदय एकीकडे, आणि ती एकटी मधे पेला धरून बसलेली. मी रोज पहाटे घरातून जात होते आणि मला वाटत होतं सगळं ओझं माझ्याच अंगावर आहे.

तिने मोजपात्र रिकामं केलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"पण पेला बदलायच्या आधीचे," ती म्हणाली, "थंडीतले, जास्तीचे. ते धरायचे का, आई?"

डॉक्टरांचं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. झालंही असेल, नसेलही. ते मी गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "लाभ धरत नाहीत. तो मोजायचा नसतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. लाभ म्हणजे एक, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. तिच्या वडिलांसारखीच तीही काही बोलली नाही. तिने दोन्ही पेल्यांतलं पाणी माठात परत ओतलं आणि पेले मांडणीवर शेजारी शेजारी पालथे घातले.